रेडिएटर अर्धाच तापतो, फुसफुसतो, पाणी थुंकतो: एअर व्हेंट कधी बदलायचा आणि कुठला घ्यायचा

ऑक्टोबर लागला की मला ठरावीक मेसेज यायला लागतात, "अगं आमचा बेडरूमचा रेडिएटर परत गार", आणि सोबत एका चकचकीत व्हेंटचा (रेडिएटरमधली हवा बाहेर सोडणारी छोटी डबी) फोटो, "हा मागवू का?" जर्सी सिटीत आमचं १९२० च्या दशकातलं टू-फॅमिली घर आहे, खाली आम्ही, वर भाडेकरू, बेसमेंटला गॅसचा स्टीम बॉयलर आणि प्रत्येक खोलीत ओतीव लोखंडाचा रेडिएटर. त्यातल्या प्रत्येकाचा व्हेंट मी निदान दोनदा काढून बसवलाय, मैत्रिणींच्या घरचे वेगळेच. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. ज्यांच्याकडे जमिनीतल्या नाहीतर छताजवळच्या जाळीतून गरम हवा येते (एडिसनकडची बरीचशी नवी घरं) त्यांना यातलं काही लागू नाही, नशीबवान आहात.

लक्षणं

तुमच्याकडे यातलं नेमकं काय होतंय ते आधी बघा, कारण प्रत्येक दुखण्यावर नवा व्हेंट हा इलाज नाही.

- बॉयलर चालू, रेडिएटरला येणारा पाइप चटका देतोय पण रेडिएटर गारठलेला, किंवा पाइपकडचे दोन सेक्शन (रेडिएटरचे उभे भाग) तापलेत आणि पुढचे थंडगार.
- व्हेंट सतत फुसफुसतो. सुरुवातीला थोडा वेळ श्वास सोडल्यासारखा आवाज आला तर ठीक, पण रेडिएटर पूर्ण तापल्यावरही चालूच असेल तर ठीक नाही.
- व्हेंटमधून पाणी उडतं, भिंतीवर तपकिरी ओघळ, खालच्या लाकडी फ्लोअरला डाग.
- व्हेंटमधून सरळ वाफच येते, खिडक्यांच्या काचा घामाघूम, भिंतीचा रंग सुटायला लागलाय.
- रात्री तीनला कोणीतरी पाइपवर हातोडा मारतंय.
- एक खोली भट्टी आणि शेजारच्या खोलीत स्वेटर घालून झोपायचं.

वाफ सतत येत असेल तर व्हेंट गेलाय, त्यात वाद नाही. गार रेडिएटर आणि भट्टी-स्वेटरवाली भानगड, ही व्हेंटमुळे असू शकते. पण पाणी आणि हातोडा यांचं मूळ बहुतेक वेळा दुसरीकडेच असतं, आणि ते तसंच ठेवून नवा व्हेंट लावला तर तोही थोड्या दिवसांत पाणी पिऊन मरतो.

हा व्हेंट करतो काय

आमच्याकडे बाहेरच्या झाकणाचा जुना प्रेशर कुकर होता, आई झाकण लावल्यावर लगेच शिट्टी ठेवायची नाही, नळीतून वाफेची सरळ धार यायला लागली की मग ठेवायची. विचारलं तर म्हणायची, आतली हवा आधी जाऊ दे. बस, रेडिएटरचं अख्खं शास्त्र एवढंच आहे. बॉयलर बंद असतो तेव्हा सगळे पाइप आणि रेडिएटर हवेने भरलेले असतात, आणि हवा बाहेर गेल्याशिवाय वाफेला आत जागा नाही. पाण्याची वाफ झाली की ती साधारण १,७०० पट पसरते, तिला पुढे ढकलायला पंप वगैरे लागत नाही, फक्त वाट मोकळी हवी. व्हेंट थंड असताना उघडा असतो, हवा त्यातून जाते, वाफ येऊन टेकली की आतली छोटी डबी गरम होऊन फुगते आणि भोक बंद होतं. गार झाला की परत उघडतो.

आणि तो रेडिएटरच्या कडेला मधोमध का, वर का नाही, हेही मला आधी कळायचं नाही. वाफ हवेपेक्षा हलकी, त्यामुळे ती आधी वरच्या बाजूने पळते आणि हवेला खाली दाबते. व्हेंट अगदी वर असता तर वाफ पटकन तिथे पोचून भोक बंद झालं असतं आणि खालची हवा आतच अडकली असती.

फुकटातल्या गोष्टी आधी

पहिल्यांदा तुमची सिस्टिम कुठली ते ओळखा. रेडिएटरला एकच पाइप आणि त्याच्या विरुद्ध टोकाला मध्यावर बोटाएवढी चंदेरी डबी असेल तर वन-पाइप स्टीम, ही पोस्ट तुमचीच. दोन पाइप असतील आणि वरच्या कोपऱ्यात किल्लीने फिरवायचा छोटा स्क्रू असेल तर ते गरम पाण्याचं हीटिंग, तिथे व्हेंटचं काम वेगळं. दोन पाइप आहेत पण स्टीम आहे, तर तिथे सहसा ट्रॅप (वाफ अडवून पाणी आणि हवा पुढे जाऊ देणारी झडप) असतात. त्याला तुम्ही हात लावू नका, आणि कुठेतरी वाचून त्याला एअर व्हेंट तर मुळीच ठोकू नका.

मग रेडिएटरच्या पायाशी असलेला मोठा व्हॉल्व्ह. वन-पाइपमध्ये तो एकतर पूर्ण उघडा नाहीतर पूर्ण बंद, मधलं काही नाही. आपल्याला सवय असते की गरम होतंय तर जरा नळ कमी करू, इथे ते चालत नाही कारण त्याच एका पाइपातून वाफ वर येते आणि थंड झालेलं पाणीही खाली जातं. अर्धवट उघड्या व्हॉल्व्हमध्ये दोघांची टक्कर होते, पाणी रेडिएटरमध्येच साठतं आणि मग व्हेंटमधून थुंकतं नाहीतर ठोके मारतं. माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी निदान दोन ह्या व्हॉल्व्हनेच मिटल्या, एक पैसा खर्च न होता. घड्याळाच्या काट्यांच्या उलट्या दिशेने फिरवून पूर्ण उघडा, पण जाम असेल तर पान्याने जोर करू नका, त्याचं पॅकिंग जुनं असतं, गळायला लागेल.

आणि बाहेर थंडी किती आहे ते बघा! ऑक्टोबरात रेडिएटर अर्धाच तापला तर तो बिघाड नाही. थर्मोस्टॅटला पाहिजे तेवढं तापमान झालं की बॉयलर बंद होणार, रेडिएटर टोकापर्यंत तापायची गरज फक्त कडाक्याच्या थंडीत येते. जानेवारीत पारा उतरल्यावरही पुढचे सेक्शन गार राहत असतील तर मग काळजी करा.

ढाळ

पाणसळ नसेल तर फोनमधलं लेव्हलचं अॅपही चालेल, रेडिएटरवर ठेवा. ढाळ व्हॉल्व्हकडे हवा, म्हणजे व्हेंटकडची बाजू किंचित उंच. बाथरूमच्या फरशीला जसा जाळीकडे ढाळ देतात तसंच, आतलं पाणी परत पाइपात जायला पाहिजे. शंभर वर्षांत लाकडी फ्लोअर खचतो, रेडिएटरचे पाय त्यात रुततात आणि ढाळ उलटा होतो. व्हेंटकडच्या दोन पायांखाली क्वार्टरची दोन-दोन नाणी सरकवा, किंवा लाकडी पाचर. आमच्या पुढच्या खोलीतले ठोके एका डॉलरात थांबले, चार क्वार्टर अजून तिथेच आहेत. फक्त उचलताना सांभाळून, रेडिएटर प्रचंड जड असतो, एका वेळी थोडंच उचलायचं, बोट खाली घालायचं नाही, आणि पाइपाच्या जॉइंटवर ताण येतोय असं वाटलं तर तिथेच थांबायचं.

अदलाबदल

ही माझी सगळ्यात आवडती टेस्ट. गार खोलीतला व्हेंट काढून नीट चालणाऱ्या खोलीत लावा आणि तिथला इकडे. दुखणं व्हेंटबरोबर दुसऱ्या खोलीत गेलं तर व्हेंट खराब, आणि दुखणं होतं तिथेच राहिलं तर व्हेंट निर्दोष, दुसरीकडे शोधा. एवढं करून मग फोटो पाठवा मला.

पण व्हेंट काढायच्या आधी थर्मोस्टॅट अगदी खाली आणि बॉयलरचा लाल प्लेटवाला स्विच बंद, मग रेडिएटर हाताला पूर्ण गार लागेपर्यंत वाट बघायची. हे मी हलक्यात सांगत नाहीये. २०१६ च्या डिसेंबरात ब्रॉन्क्समध्ये रेडिएटरमधून सुटलेल्या वाफेने दोन लहान बहिणींचा जीव गेला. घरात रांगतं मूल असेल तर व्हेंट सैल आहे का, हलतोय का, हे तर दर सीझनला बघाच.

काढलेला व्हेंट उभा धरून तोंडाने फुंका, थंड असताना हवा आरपार जायला हवी. जात नसेल तर आत क्षार नाहीतर गंज साठलाय, किंवा, आणि हे इतक्या घरांत बघितलंय, कोणीतरी रेडिएटर रंगवताना व्हेंटवरही चंदेरी रंग मारून भोकच बुजवलंय. रंगाने बुजलेला फेकून द्या. क्षारवाला अर्धा तास पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून, मग साध्या पाण्याने झटकून वाळवून परत लावा. कधी कधी जीव येतो, पण तो सहसा एखाद्या सीझनपुरताच, तोपर्यंत नवा मागवून ठेवायचा.

व्हेंट तिरका बसलेला असेल तरी बिघडतं. तो उभा सरळच पाहिजे, नाहीतर आत आलेलं पाणी परत निथळत नाही.

बेसमेंटमध्ये नजर टाका, हात नाही

बॉयलरच्या काचेच्या नळीत पाण्याची पातळी बघा. बॉयलर चालू असताना थोडी हलणं साहजिक आहे. पण पाणी उड्या मारत असेल, किंवा पातळीच्या वरही काच आतून ओली आणि मळकी असेल, तर पाण्यावर तेलकट थर आलाय आणि वाफेबरोबर पाणीही वर फेकलं जातंय. अशा बॉयलरवर कुठलाही व्हेंट लावा, थुंकणारच.

मग प्रेशर. पाइपाच्या एका वेटोळ्यावर राखाडी डबा बसवलेला असतो, त्यावर आकडे असतात. घरगुती स्टीमला २ पीएसआयच्या आतच काम भागतं. ज्या डब्यावर पुढे कट-इन (या आकड्याला बॉयलर परत सुरू होतो) आणि आत पांढऱ्या चाकावर डिफरन्शियल (त्याच्या वर किती चढलं की बंद) असतं, तिथे ०.५ आणि १, म्हणजे दीड पीएसआयला बॉयलर बंद. खूप जणांकडे हे चार-पाचवर नेऊन ठेवलेलं असतं, कारण आधीच्या कोणीतरी "वरच्या मजल्यावर पोचत नाही ना, मग प्रेशर वाढवा" असं सांगितलेलं असतं. नेमकं उलटं होतं. जास्त प्रेशरवर व्हेंट एकदा बंद झाला की आतली हवा थंड होऊनही तो उघडत नाही, प्रेशर उतरेपर्यंत तसाच चिकटून बसतो, आणि रेडिएटर अर्धा गार. वर सगळे व्हेंट शिट्ट्या मारतात ते वेगळं.

डब्याखालचं वेटोळं गंजाने तुंबलं तर डब्याला प्रेशर कळतच नाही, आकडा बरोबर असूनही बॉयलर चढत राहतो. आणि बॉयलरवरचा ०-३० चा गेज या कामाला निरुपयोगी आहे, दीड आणि तीनमधला फरक त्यावर दिसत नाही. आकडा बदलणं एवढंच तुम्ही करू शकता, वेटोळं काढून साफ करणं मी स्वतः केलेलं नाही, प्लंबरकडून करून घेते.

आता पैसे खर्च करू: व्हेंट कुठला

यात आमच्या घरचीच फजिती सांगते. आम्ही नवीन होतो तेव्हा नवऱ्याने हिशेब मांडला की हवा जेवढी लवकर जाईल तेवढं घर लवकर तापेल, आणि अकराच्या अकरा रेडिएटरना सगळ्यात मोठ्या भोकाचे व्हेंट आणून लावले, मोठ्या उत्साहात, एका रविवारी. सोमवारी सकाळी काय, दिवाणखान्यातला रेडिएटर झटक्यात तापला, थर्मोस्टॅट त्याच खोलीत, त्याला वाटलं झालं घर गरम, बॉयलर बंद. वर भाडेकरू कुडकुडतायत, खाली आम्ही खिडक्या उघडतोय, आणि मागच्या खोलीतला रेडिएटर गुळगुळ आवाज करत पाणी थुंकतोय. फार फास्ट व्हेंटमुळे वाफ त्या एकुलत्या पाइपातून इतक्या जोरात घुसते की परत येणारं पाणी तिला ओलांडून खाली उतरूच शकत नाही.

त्यानंतर जे शिकलो ते असं की मेन पाइपातली हवा जोरात काढायची आणि रेडिएटरमधली सावकाश. बेसमेंटमधून जाणाऱ्या मोठ्या मेन पाइपाच्या शेवटी स्वतःचा मोठा व्हेंट असतो (किंवा असायला हवा). तो चालत असेल तर वाफ आधी मेनच्या टोकापर्यंत भरते आणि मग सगळ्या रेडिएटरना जवळपास एकाच वेळी मिळते. तो मेलेला असेल तर मेनमधली सगळी हवा बिचाऱ्या रेडिएटरच्या छोट्या भोकांतून जाते, बॉयलरजवळचा आधी तापतो, लांबचा शेवटी, आणि आपण लांबच्याचा व्हेंट बदलत बसतो.

रेडिएटरच्या व्हेंटमध्ये गॉर्टन कंपनीचे नंबर आणि अक्षरं सगळ्यांच्या तोंडी असतात: ४, ५, ६, सी, डी. ४ सगळ्यात स्लो, डी सगळ्यात फास्ट. यात ४ आणि ५ मधली उडी दिसते त्यापेक्षा बरीच मोठी आहे, आणि डी म्हणजे जवळजवळ छोटा मेन व्हेंटच, तो घरात एखाद्याच ठिकाणी लागला तर लागतो. हॉफमन ४० स्लो गटातला, साधा आणि शांत. मेड-ओ-मिस्टचा एक प्रकार मिळतो ज्याच्या डोक्यावरचं भोक बदलता येतं, ४ पासून डी पर्यंतच्या छोट्या टोप्या त्यावर बसतात. कुठला नंबर लागेल माहीत नसेल तर प्रयोगाला हाच घ्या, टोपी बदलायची, व्हेंट काढायचा नाही.

अॅडजस्टेबलमध्ये हॉफमन १ए आणि व्हेंट-राइट आहेत, हीट-टायमरचा व्हॅरीव्हॉल्व्ह आहे. व्हॅरीव्हॉल्व्ह सगळ्यात कमीवर ठेवला तरी बऱ्यापैकी फास्टच असतो, त्यामुळे छोट्या खोलीत नको. अॅडजस्टेबल ऐकायला छान वाटतात पण घरात फिरवणारे हात फार असतात. आमच्याकडे सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्या रोज पूजेला बसायच्या आधी तो वाढवायच्या, मी रात्री कमी करायचे, आणि महिनाभर मला कळत नव्हतं की सकाळी ती खोली एवढी कशी तापते. भाडेकरूंच्या मजल्यावर मी फिक्स नंबरचेच लावते.

मी निवडते ती अशी. थर्मोस्टॅट असलेल्या खोलीला ४, फार तर ५, तिथे घाई नकोच. बाथरूमसारखा छोटा रेडिएटर असेल तर ४. बाकी सगळीकडे ५ पासून सुरुवात. मोठ्या रेडिएटरला ६. वरच्या मजल्यावर असेल, बॉयलरपासून लांब असेल, तर त्या उभ्या पाइपातलीही हवा याच व्हेंटने काढायची असते, म्हणून तिथे एक पायरी वर, ६ किंवा सी. डी माझ्या घरात आता एकही नाही.

"मोठा" म्हणजे किती हे नजरेने ठरवू नका. रेडिएटरचा आकार स्क्वेअर फूटमध्ये मोजतात, खोलीच्या नाही, रेडिएटरच्या. जुना तीन कॉलमवाला (एका सेक्शनमध्ये तीन उभ्या नळ्या) ३८ इंच उंचीचा रेडिएटर असेल तर एका सेक्शनचे ५ धरतात, म्हणजे दहा सेक्शनचा ५० झाला. पूर्ण वाफेने भरला की दर स्क्वेअर फुटाला तासाला २४० बीटीयू (उष्णतेचं माप). तोच चार सेक्शनचा असेल तर २०, आणि मग ५० वाल्याला आणि २० वाल्याला एकच व्हेंट का लावायचा नाही ते आपोआप कळतं. सेक्शन मोजा, उंची मोजा, वहीत लिहा.

एका वेळी एकच व्हेंट बदला आणि दोन-तीन थंड दिवस जाऊ द्या. आमच्या फ्रिजवर कागद आहे, खोली, नंबर, तारीख. सगळे एकदम बदलले तर कशाने फरक पडला ते कळत नाही, हे नवऱ्याकडून शिकलो.

विकत घेताना आटे बघा, रेडिएटरच्या व्हेंटला १/८ इंचाचे लागतात, आणि आट्यांचं टोक काटकोनात वळलेला घ्यायचा, आटे सरळ खाली असलेला नाही. रेडिएटरवर लाकडी कव्हर असेल तर उंचीही मोजा. बिननावाचे पाचाचे पॅक मी एकदा घेतले, त्यातला एक पहिल्याच आठवड्यात वाफ सोडायला लागला, दोन शिट्टी मारायचे.

बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेपचे दोनच वेढे, टोकाचं भोक झाकलं जाणार नाही असे. आधी हाताने फिरवायचा, घट्ट झाला की छोट्या पान्याने अगदी थोडा, उभा सरळ येईल इतपत. व्हेंटच्या डबीला धरून पिळायचं नाही, पाना खालच्या षटकोनी भागावर. आणि जुना व्हेंट निघत नसेल तर थोडं तेल सोडून तासभर थांबा. एका मैत्रिणीकडे मीच घाई केली, व्हेंट कटकन तुटला आणि आटे आत राहिले. पुढची गोष्ट प्लंबरच्या बिलाची आहे.

मेन व्हेंट

बेसमेंटमध्ये मेन पाइपाच्या टोकाशी, तो परत खाली वळायच्या आधी, शोधा. बऱ्याच घरांत तो रंगाने बुजलेला असतो, किंवा काढून तिथे प्लग ठोकलेला. बॉयलर थंड असताना सुरू करा आणि पाइप तापायला लागला की पेटती उदबत्ती व्हेंटजवळ धरा. धूर बाजूला ढकलला जायला हवा. धूर सरळ वर जात असेल तर हवा बाहेर पडत नाहीये. (बेसमेंटमध्ये गॅसचा जरासाही वास असेल तर उदबत्ती पेटवायची नाही, लाइटचा स्विचही नाही, आधी सगळ्यांनी घराबाहेर.) वरच्या खोल्यांतले व्हेंटही याच उदबत्तीने तपासता येतात.

मेनला गॉर्टनचे १ आणि २ नंबर वापरतात. एक २ नंबर साधारण तीन १ नंबरच्या बरोबरीचा, पण तो उंच आणि जाड असतो, आमच्या बुटक्या बेसमेंटमध्ये छताला लागत होता, म्हणून आम्ही पाइपाच्या एका फांदीवर १ नंबरचे तीन बसवून घेतले. हॉफमन ७५ पण चालतो. आमच्याकडे मेनचे व्हेंट बदलल्यावर वरच्या मजल्याच्या तक्रारी जवळजवळ थांबल्या, आणि तेव्हा लक्षात आलं की त्याआधी रेडिएटरच्या व्हेंटवर घातलेले बरेचसे पैसे वाया गेले. आता कोणी विचारलं की पहिला प्रश्न हाच विचारते, मेन व्हेंट बघितलास का.

मेन पाइप उघडा असेल तर वाफ वाटेतच पाणी होते. त्याला फायबरग्लासचं वेष्टण लावल्यावर फरक पडतो. पण जुनं पांढरं, कोरुगेटेड पुठ्ठ्यासारखं किंवा प्लास्टरसारखं वेष्टण असेल तर त्याला हात लावू नका, कापू नका, झाडू नका. त्या काळातलं म्हणजे अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता खूप, आणि त्याचं काम परवाना असलेल्या लोकांचं.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

गॅसचा वास किंवा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, तर बाहेर पडून ९११, बाकी काही बघत बसू नका. काचेच्या नळीत पाणीच दिसत नसेल तर बॉयलर बंद करा आणि पाणी घालू नका, तापलेल्या कोरड्या बॉयलरमध्ये गार पाणी गेलं तर तो तडकू शकतो, किंवा त्याहून वाईट. सेफ्टी व्हॉल्व्हमधून वाफ किंवा पाणी आलं तरी तेच, बंद करा आणि फोन.

दर दोन-चार दिवसांनी बॉयलरमध्ये पाणी घालावं लागत असेल तर कुठेतरी मोठी गळती आहे, व्हेंटमधून सहसा एवढं जात नाही. जमिनीखालचा परतीचा पाइप कुजला असेल नाहीतर बॉयलरलाच चीर. ऑटोमॅटिक पाणी भरणारा असेल तर हे लक्षातही येत नाही, आणि प्रत्येक ताज्या पाण्याबरोबर ऑक्सिजन जाऊन बॉयलर आतून गंजत राहतो. व्हॉल्व्हची मूठ नुसती गोल फिरते पण रेडिएटर कायम गार, तर आतली चकती सुटलीय. आटे आत तुटलेत, भिंतीच्या आतून ठोके येतायत, नळीतलं पाणी उड्या मारतंय, ही सगळी आपली कामं नाहीत.

न्यूयॉर्कमध्ये भाड्याने राहत असाल तर आधी सुपरला (बिल्डिंगची देखभाल करणारा माणूस) सांगा, व्हेंटही त्यालाच बदलू द्या. तिथे १ ऑक्टोबर ते ३१ मे हीटिंगचा सीझन असतो. सकाळी ६ ते रात्री १० मध्ये बाहेर ५५ फॅरनहाइटच्या खाली गेलं तर घरात निदान ६८ पाहिजे, आणि रात्री १० ते सकाळी ६ निदान ६२, मग बाहेर कितीही असो. घरमालक ऐकत नसेल तर थर्मामीटरचा फोटो काढून ३११ वर (शहराचा तक्रारीचा नंबर) तक्रार करायची, ते बिल्डिंगच्या बॉयलरचं काम आहे, तुमच्या पान्याचं नाही.

प्लंबर बोलावताना फोनवरच विचारा, वन-पाइप स्टीमची कामं करतोस का. गरम पाण्याचं काम उत्तम करणाऱ्या खूप जणांना स्टीम नीट येत नाही. आमच्याकडे एक आला होता, बॉयलरकडे न बघताच म्हणाला प्रेशर वाढवा, त्याला चहा दिला आणि पाठवून दिला. दुसरा आला त्याने आधी मेन व्हेंट कुठे आहे ते विचारलं, मग काचेची नळी बघितली, मग फ्रिजवरचा कागद मागितला.

अजून अडलं असेल तर रेडिएटरचे सेक्शन, उंची, आत्ता लावलेला व्हेंट, राखाडी डब्यावरचा आकडा आणि मेन व्हेंटचा फोटो, एवढं पाठवा. नुसता नव्या व्हेंटचा फोटो पाठवू नका.